माझ्या वाट्याचे तीन महिने

मॅन्सफील्ड, ओहायो
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सलोमा,

आई एकदा म्हणाली होती, "याचे पैसे घेतले, तर उद्या हा माझ्याकडे बघेल तेव्हा मी कुठे बघू?"

तुला आठवतं का? मी अकरा वर्षांची होते, तू पंधराची. आपण आपल्या भावाला, ईनोसला, अंगणात घंगाळात बसवून अंघोळ घालत होतो आणि दुधाच्या गाडीवरचा तो भला माणूस, टोपी हातात धरून, आईला सांगत होता की असल्या मुलासाठी सरकारकडून दरमहा काही मिळतं, अर्ज मी आणून देतो. आईने हात पुसले, त्याला सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा दिला आणि हे बोलली. तो गेल्यावर आपण दोघी हसलो होतो. कारण ईनोस तेव्हा कुणाकडेच बघत नव्हता, साबणाचे फुगे फोडण्यात गुंग होता.

ते वाक्य मी चार महिने रोज ऐकते आहे, म्हणून आज लिहायला बसले. ऑक्टोबरपासून मी रोझॅनाला सांभाळायचे पैसे घेते. सरकारचे.

आता रागावून पत्र चुलीत टाकू नकोस, पुढचं वाच. यूरा छपरावरून पडला तेव्हापासून त्याला सुतारकाम जमत नाही, हे तुला माहीत आहे. मी वृद्धाश्रमात कामाला जात होते, तेही माहीत आहे. तिथे मला दुसऱ्यांच्या आया उचलायचे पैसे मिळत, आणि इकडे माझ्या मुलीला उचलायला एजन्सी ज्या मुली पाठवी, त्या महिना-दीड महिन्यात सोडून जात. बाप असूनही यूराला पाठीमुळे तिला उचलता येत नाही. शेवटची मुलगी आली ती त्याचा दवाखान्याचा दिवस होता तेव्हा. मी घरी पोचले तर रोझॅना ओल्यात बसलेली, मुलगी फोनवर. मला बघून रोझॅना रडली नाही. नऊ वर्षांच्या मुलीने रडण्याचीही आशा सोडलेली बघितली असतीस, तर तुलाही पुष्कळ काही करावंसं वाटलं असतं.

एजन्सीची बाई म्हणाली, आता नियम बदललेत, आई-वडिलांनाही ठेवता येतं, तुम्हीच का नाही करत? मग प्रशिक्षण झालं. तुझ्या बहिणीकडे आता प्रमाणपत्र आहे, सलोमा, की तिला स्वतःच्या मुलीचे कपडे बदलता येतात.

पैसे आईपणाचे नाहीत, असं ते सांगतात. नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलीसाठी आई जे करेल ते वगळायचं आणि उरेल त्याचे. वेणी घातली तर नाहीत, मांडीशी धरून भरवलं तर आहेत. वेळ मोजायला, सुरू करताना फोनवर बोट दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं. दाबलं की तो 'टिंग' करतो.

तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. अ‍ॅटलीला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
एल्मा

*

रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय एल्मा,

तुझं पत्र दोन दिवस एप्रनच्या खिशात होतं. अ‍ॅटलीने विचारलं, "एल्मा काय म्हणते?" मी म्हटलं, "थंडी फार आहे म्हणते." तुझ्यापायी मला नवऱ्याशी खोटं बोलावं लागलं, हेही तुझ्या त्या फोनमध्ये चढवून टाक.

आईचं वाक्य मला आठवतं. पण तुला अर्धंच माहीत आहे. तो माणूस गेल्यावर मी अंडी गोळा करायला गेले, तर आई खुराड्यामागे बसून रडत होती. त्या वर्षी गाईंना रोग लागला होता. मला बघून म्हणाली, "कांदा चिरत होते गं." खुराड्यामागे, हातात ना सुरी ना कांदा. मी 'बरं' म्हटलं आणि अंडी घेऊन आले. तेव्हा तू तिला एवढी मोठी करून ठेवू नकोस. तिने पैसे घेतले नाहीत आणि त्याचं तिला वाईटही वाटलं.

पण घेतले नाहीत.

मला राग आला आहे, ते लिहितेच. आई गेल्यापासून ईनोस तीन-तीन महिने एकेकाकडे असतो. मेल्विन, ड्रुसिला, मी आणि तू. तुम्ही ती मोटारगाडी विकत घेतलीत, नियम मोडला म्हणून चर्चच्या मंडळीने वाळीत टाकलं, आणि तुझे तीन महिने कुणाकडे आले? सात वर्षं झाली. एकोणचाळीस वर्षांचा माणूस न्हाणीत न्यायचा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. माझं बिल कुठे पाठवू, तेवढं त्या एजन्सीच्या बाईला विचार. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

ईनोस बरा आहे. अजून चमचा मुठीत धरून जेवतो आणि प्रत्येक घासाला "जमलं" म्हणतो. परवा बिशप जेवायला होते. त्यांनी घास घेतला की त्यांच्या वतीनेही ईनोसच "जमलं" म्हणे. बिशपांना हसू आवरेना.

त्यावरून आठवलं. ऑगस्टमध्ये तुम्ही आला होता तेव्हा वाळीत टाकलेल्यांबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही म्हणून आपण नेहमीसारखी दोन टेबलं मांडली होती, मध्ये वीतभर फट आणि वरून एकच चादर, म्हणजे आम्ही तुमच्याबरोबर जेवलो असंही नाही आणि नाही असंही नाही. रोझॅना लहान, तिचा बाप्तिस्मा कुठला, तिला तो नियम लागत नाही, म्हणून तिची चाकाची खुर्ची आमच्या टेबलाशी ईनोसजवळ लावली. आणि त्याचं बघून तिने पहिल्यांदा स्वतःचा चमचा उचलला. नूडल्स अर्ध्या गळ्यात, अर्ध्या मांडीवर. तू उठायला लागलीस तर मी म्हटलं, "बस गं, बघू दे तिला." तुझं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे. आता तर छान जेवत असेल. लिही.

तुझी,
सलोमा

ता.क. हे फक्त मुलांपुरतंच असतं का? भावांसाठी नसेलच. नको, सांगूच नकोस.

*

रविवार, २ मार्च

प्रिय सलोमा,

तुझा राग पोचला. रागावलेलं पत्रही तू सरळ ओळीत लिहितेस.

भावांसाठी असतं. तू सांगू नकोस म्हणालीस तरी सांगितलं, कारण न सांगितल्याचाही मला आता कंटाळा आला आहे.

इथे बर्फ वितळून अंगणात चिखल झाला आहे. यूरा काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि अमेरिका ओलांडून आल्यासारखा खुर्चीत बसतो. रोझॅनाला सर्दी आहे, त्यामुळे जेवणाचं सध्या काही खरं नाही.

ईनोसला माझ्याकडून एक पापा दे. त्याला पुसून टाकायचा असेल तर टाकू दे.

तुझी,
एल्मा

*

रविवार, ३० मार्च

प्रिय एल्मा,

डाव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट मोडलं. ईनोसला न्हाणीतून उठवताना तो घसरला आणि मी खाली सापडले. तो वरून मला म्हणतो, "सलोमा, ऊठ." म्हटलं, "आधी तू ऊठ, राजा." दोघंही तिथेच बसून राहिलो, अ‍ॅटली गोठ्यातून येईपर्यंत. मंगळवारी आणि शुक्रवारी बायका येतात, पाव भाजून देतात, कपडे धुऊन देतात. ड्रुसिलाने त्याला लवकर न्यायला हवं होतं, पण तिच्या सुनेचं बाळंतपण आहे. म्हणजे अजून माझ्याकडेच.

तुला एक सांगायचं आहे. दोन हातांनी सांगितलं नव्हतं, एका हाताने सांगते.

तुम्हाला वाळीत टाकलं त्या आठवड्यात आम्ही भावंडं मेल्विनच्या ओट्यावर बसलो होतो. मेल्विन म्हणाला, "ईनोसने एल्माकडे जायला हरकत काय? त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, तो काही मंडळीचा सभासद नाही. त्याला तिच्याबरोबर जेवता येतं." ड्रुसिलाही मान हलवत होती. मी नको म्हटलं. मी म्हटलं, तिकडे दूरदर्शन, तिकडे गाडी, तो बिघडेल. सगळ्यांनी ऐकलं, कारण मी मोठी.

बिघडण्याची भीती नव्हती. तो तिकडे रमेल आणि परत आल्यावर दाराशी उभा राहून तुझं नाव घेत बसेल, याची भीती होती. तुझ्यावर रागही होता. तू गेलीस, तर तुला काही मिळू नये, ईनोससुद्धा. मग सात वर्षं मी तुझे तीन महिने केले आणि प्रत्येक पत्रात तुला ते वाचायला लावले. ओझं मीच मागून घेतलेलं होतं.

आता तुझं. मी जेवणाचं विचारलं होतं, तू सर्दीचं लिहिलंस. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, तू नुसती शेजारच्या गोष्टीबद्दल बोलायला लागतेस. काय झालं?

सलोमा

*

रविवार, १३ एप्रिल

प्रिय सलोमा,

तुझ्या डाव्या हाताचं पत्र मी चार वेळा वाचलं. ओट्यावरचं वाचून राग यायला हवा होता. आला नाही. माझ्यापेक्षा तू बरी आहेस असं वाटलं, आणि त्याचंच रडू आलं.

रोझॅना ऑगस्टनंतर चमच्याने जेवत होती. रोज नाही, सांडून, पण जेवत होती. सकाळची लापशी तर जवळजवळ सगळी. मी तिच्यासाठी जाड मुठीचा चमचा आणला होता. ऑक्टोबरात पैसे सुरू झाले तेव्हा मला त्यात काही अडचण दिसली नाही. ती जेवायची, मी शेजारी बसायची, फोन चालू असायचा.

जानेवारीत तपासणीची बाई आली. शेरिल तिचं नाव, चांगली आहे, बूट दाराबाहेर काढून येते. तिच्याकडे फॉर्म असतो. मूल काय काय करू शकत नाही, ते त्यात भरायचं, आणि त्यावरून पगाराचे तास ठरतात. या फॉर्मबद्दल सगळ्या आया एकमेकींना एकच गोष्ट सांगतात. चांगला दिवस सांगायचा नाही, सर्वांत वाईट दिवस सांगायचा. मला दवाखान्याच्या बाकावर एका आईने सांगितलं होतं. ती म्हणाली, "मूल हसलं म्हणालात तर तेवढी मिनिटं कापतील." आम्ही दोघी हसलो होतो.

शेरिलने विचारलं, "स्वतःच्या हाताने जेवते का?"

रोझॅना टेबलाशी होती. चमचा तिच्या मुठीत होता, सलोमा. लापशी समोर होती. पाहुणी आली म्हणून ती खुशीत होती, हात वर करत होती. तिला दाखवायचं होतं.

मी म्हटलं, "नाही." आणि मग तिची बोटं एकेक करून उघडली, चमचा काढून घेतला, आणि हसत म्हणाले, "नुसता धरते, खेळायला." आणि फोनवर बोट दाबून मी तिला भरवायला लागले.

तिने पहिला घास घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला वाटलं असेल की आपलं काही चुकलं. मी पुन्हा चमचा ओठांना लावला. तिने तोंड उघडलं. शेरिलने लिहून घेतलं. यूरा खिडकीजवळ बसला होता, त्याने बाहेर बघितलं.

ती गेल्यावर यूरा म्हणाला, "आपण चोरी नाही केली, एल्मा. उद्या ती चमचा टाकून देईल, आजारी पडेल, तेव्हा तास कुठून आणशील?" तो वाईट माणूस नाही. घरभाड्याच्या काळजीने तोच विचार मीही केला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मुठीत चमचा दिला. तिने तो खाली टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रुसली. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने मला कळलं की ती रुसलेली नाही. चमचा टाकून ती बघते, आईने बघितलं ना? ती शहाण्यासारखं वागते आहे. आईला हेच हवं आहे, असं तिला कळलं आहे. एवढं समजणारी मुलगी, आणि मी फॉर्मवर 'समजत नाही' असं लिहायला सांगितलं आहे.

आता ती 'टिंग' झाल्यावर तोंड उघडते. नुसता फोन वाजला तरी. परवा यूराला कुणाचा निरोप आला, दूर पलंगावर फोन वाजला, आणि तिने इकडे तोंड उघडलं.

हे मी कुणालाही सांगू शकले नव्हते. तू आईबद्दल सांगितलंस, खुराड्यामागचं, ते वाचून मला थोडा धीर आला होता, मग वाटलं, आई निदान कांद्याबद्दल खोटं बोलली.

एल्मा

*

रविवार, ४ मे

प्रिय एल्मा,

तुझ्या मुलीने तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू तिच्यासाठी एक कर. त्या शेरिलबाईला बोलावून खरं सांग. तास जातील, जाऊ देत. मंडळीचे पैसे तुम्हाला देता येणार नाहीत, पण बटाटे आणि बरण्या बाहेरच्या भाड्याच्या ड्रायव्हरच्या गाडीतून पाठवायला कुणाची बंदी नाही. अ‍ॅटलीला मी सगळं सांगितलं. तो गोठ्यात गेला, आल्यावर म्हणाला, "चाळीस बरण्या पुरतील का?"

मला तुझा राग आलेला नाही. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, हा विचार मी अर्ध्यावर सोडते.

प्लास्टर निघालं. मनगट अजून हट्टी आहे.

सलोमा

*

मॅन्सफील्ड
रविवार, ८ जून

प्रिय सलोमा,

मी फोन केला. शेरिलला म्हटलं, "मी जानेवारीत खरं सांगितलं नव्हतं. ती चमच्याने जेवत होती." ती म्हणाली, मी येऊन बघते. गेल्या गुरुवारी आली.

मी सकाळपासून तयारी केली होती. लापशी, जाड मुठीचा चमचा, फोन दुसऱ्या खोलीत उशीखाली. रोझॅनाच्या मुठीत चमचा ठेवला आणि मी मागे सरले. तिने शेरिलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चमचा खाली टाकला आणि तोंड उघडलं.

मी उचलून दिला. तिने टाकला. मी म्हटलं, "रोझॅना, घे गं, आईला हवं आहे तू घ्यायला." तिने माझ्याकडे असं बघितलं की हा कुठला नवा खेळ. पाच वेळा दिला. शेरिल अर्धा तास थांबली. तिची कॉफी निवून गेली.

शेवटी तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "पुष्कळ आया मला असं सांगतात, घरी करते म्हणून. आशा असते त्यांना. त्यात काही चूक नाही." मी म्हटलं, "आशा नाही, मी खोटं बोलले होते." ती म्हणाली, "तुम्ही दमलेल्या आहात." मला जे दिसतं तेच मी लिहिते, असं म्हणून तिने लिहिलं. जेवणासाठी आता आधीपेक्षा जास्त वेळ मंजूर झाला आहे.

तेव्हा मी खोटं सांगितलं होतं, सलोमा. आता ते खरं आहे. आणि मी ते पगारी काम म्हणून खरं केलं.

तुझ्या बरण्या पोचल्या. अ‍ॅटलीला सांग, एकही फुटली नाही. यूराने फळीवर ओळीने लावल्या आणि त्यांच्याकडे बघत बसला. त्याचीही काही झोप नीट नाही. काल त्याने स्वतः रोझॅनाच्या शेजारी बसून मुठीत चमचा धरून जेवायचा प्रयत्न केला, दाढीला लापशी. ती त्याच्याकडे बघून हसली. चमचा घेतला नाही. यूरा तिला चमच्याने जेवताना नेहमीच दिसतो, त्यात तिला शिकायचं काही नाही. आम्ही दोघं जेवतो तसं तिला कधीच जमणार नाही, हे ती जाणते. ईनोस जेवतो तसं तिला जमलं होतं.

आता मी जे मागणार आहे ते तुझ्या मनगटासाठी मागते आहे, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं नाही. रोझॅनासाठी मागते आहे. तुझा हात सुटेल, ते वरचं.

ईनोसला माझ्याकडे पाठव. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, माझ्या वाट्याचे तीन महिने. त्याला माझ्याबरोबर जेवायला नियम आड येत नाही, हे मेल्विन सात वर्षांपूर्वीच म्हणाला होता. त्याची अंघोळ, त्याचे कपडे, त्याच्या रात्री मी करीन, आणि त्याचं नाव फोनवर कधी चढणार नाही. दूरदर्शन शेजाऱ्यांकडे देऊन टाकू, यूराला विचारलं आहे. जेवायच्या वेळी ईनोस आणि रोझॅना टेबलाशी बसतील आणि मी दुसऱ्या खोलीत बसून जेवीन, म्हणजे तिला बघायला मी समोर नसेन.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. त्याला परक्या घरात झोप लागत नाही. तो न्हाणीत पडला तर मी एकटी काय करणार. पाठवायचं तर मेल्विनला आणि ड्रुसिलाला ओट्यावरच्या त्या दिवशीचं खरं कारण सांगावं लागेल, आणि मी नुकतंच खरं सांगून बघितलं आहे, त्याने काय होतं ते तुला सांगूनही झालं. शिवाय मी जे बिघडवलं ते दुरुस्त करायला तुझा भाऊ वापरायला मागते आहे, हे तुझ्या लक्षात येईलच. आणि तो इथे रमला, तर तुला ज्याची भीती होती तेच होईल.

'नाही' लिहायला तुला दोन ओळी पुरतील. मी रागावणार नाही. तरी मागते आहे. एक जुलैला ड्रायव्हरच्या गाडीत त्याला बसव, त्याच्या चमच्यासकट.

तुझी,
एल्मा